आईला न विचारता बाळाला पावडरचं दूध, दवाखान्यात याला बंदी हवी का नको?

कृष्णाकाठची (सातारा)
लेक आता चार महिन्यांची झाली तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. सिझर झालं दुपारी सव्वादोनला. पाठीत इंजेक्शन दिलेलं, म्हणजे मी पूर्ण शुद्धीत, रडणं ऐकलं, सिस्टरनी लांबूनच दाखवली 'मुलगी झाली हो' आणि गेल्या घेऊन. माझ्याकडं आणली ती रात्री साडेनऊला. ओठाच्या कोपऱ्यात पांढरं वाळलेलं होतं. हे काय विचारलं तर म्हणे दोनदा पावडर पाजली, तुम्हाला दूध कुठं उतरलंय अजून. मी टाक्यांच्या कळा सोसत त्या पांढऱ्या डागाकडं बघत बसले. घरी सोडताना फाईलला चिठ्ठी, त्यावर डब्याचं नाव.
आता माझी नणंद. सांगलीला सरकारी दवाखान्यात तिचंही सिझरच, पण तिथं टाके घालेपर्यंत बाळ छातीवर आणून ठेवलेलं, तासाभरात अंगावर पाजलं सुद्धा. खासगीत पैसे मोजून मला जे मिळालं नाही ते तिला फुकटात मिळालं!
माझं म्हणणं सरळ आहे. वरचं दूध द्यायचं असेल तर कारण केसपेपरवर लिहा आणि आईची सही घ्या, नाहीतर बंदी. तुम्हाला काय वाटतं?

तासगावची वहिनी
ताई वाईट वाटलं वाचून, पण बंदी म्हणू नका हो. मी त्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात होते. भिंतीवर पोस्टर, बाटली दिसली की सिस्टर डोळे वटारायच्या. पोरगा दिवसभर छातीला लावलेला आणि सगळे खूश, बघा कसं पितंय. तिसऱ्या दिवशी तो रडायचाच बंद झाला, मला वाटलं शहाणं बाळ आहे. लंगोट कोरडा, एकदाच झाली लघवी तर त्यात विटकरी डाग. आईनं आरडाओरडा केला तेव्हा कुठं वजन केलं, जन्मताना ३ किलो होता तो २ किलो ६०० वर आलेला आणि पिवळाधमक. दोन दिवस काचेच्या पेटीत. तोंडात धरलंय म्हणजे पोटात जातंय असं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. मी दोनदा पावडर मागितली होती, तर 'आई होऊन असं काय बोलता' हे ऐकून घेतलं. तेव्हा नियम करणाऱ्यांनी जरा जपून करा.

माणदेशी गडी
माझा काय ह्यात अनुभव न्हाई, दोन पोरांचा बाप हाय एवढंच. पण आमच्यात म्हस व्याली की पयला चीक रेडकाला पाजल्याबिगर कुणी धारंला हात लावत न्हाई. मग उरल्याला चिकाचा खरवस. अन त्याच घरात आमच्या चुलतीनं सुनंचा पयला चीक पिळून टाकाय लावला, म्हणं खराब असतोय. रेडकाला कळतंय ते आमास्नी कळंना.

आजी_वाई
आम्ही पाच पोरं वाढवली, मध चाटवला, बोंडल्यानं गाईचं दूध पाजलं, कोण मेलं नाही. आता नुसतं शास्त्र शास्त्र. बाळंतिणीला अळीवाची खीर द्या, डिंकाचे लाडू द्या, दूध आपोआप येतंय.

कृष्णाकाठची
आजी लाडू मी पण खाल्लेत भरपूर, पण मध नको हं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जंतुबाधा होऊ शकते म्हणून डॉक्टर साफ नको म्हणतात.

रात्रपाळी_मिरज
स्टाफ नर्स आहे, बारा वर्षं प्रसूती वॉर्डात. दोन्ही ताईंचं खरं आहे आणि दोन्हीकडं चूक आमच्याच लोकांची, कबूल.
पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतं किती, एका वेळी छोटा चमचाभर. त्यामुळं 'दूध नाही' हे पहिल्या दिवशी म्हणणंच चूक, तेव्हा चीकच येतो आणि तो तेवढाच पुरतो. दूध भरून यायला दोन ते चार दिवस, सिझरवालीला थोडं उशिरा. माझी पद्धत सांगते. आईला धरायला जमत नसेल तर मी स्टीलचा चमचा उकळून घेते, आईचा अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या जरा मागं ठेवायची, आधी छातीकडं आत दाबायचं मग पुढं. पाच मिनिटं काही येत नाही, आई माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. मग पिवळा दाट थेंब, मग दुसरा. अर्धा चमचा झाला की बाळाच्या ओठाला लावायचा. त्यानंतर ती बाई पावडर मागत नाही, माझा अनुभव.
पण ह्याला पाऊण तास लागतो आणि रात्री आम्ही दोघी, वॉर्डात वीस-बावीस बाळंतिणी, त्यात एखादीचं रक्त जास्त जात असतं. मग बाटली दोन मिनिटांत होते. नियम करा खुशाल, पण तो पाऊण तास कोण देणार ते पण लिहा त्यात.
आणि तासगावच्या वहिनी, सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. ७ टक्क्यांच्या पुढं गेलं की पाजणं नीट बघायचं, १० च्या पुढं तर डॉक्टरांना दाखवायचंच. तुमच्या बाळाचं १३ टक्के गेलेलं. तिथं आधी आईचं काढून चमच्यानं, ते पुरत नसेल तर वरचं द्यायलाच पाहिजे, कुठलाही शहाणा नियम नाही म्हणत नाही.

कायद्याचं_बोला (कराड)
बंदी हवी बंदी हवी म्हणताय, अर्धी तर आधीच आहे. १९९२ चा कायदा आहे, २००३ ला अजून कडक केला. बाळाच्या पावडरची जाहिरात नाही, आईला फुकट सॅम्पल नाही, दवाखान्यात कंपनीचे बोर्ड नाहीत, डॉक्टर-नर्सला भेटवस्तू नाही. तरी चिठ्ठीवर डब्याचं नाव येतंच, कसं येतं ते समजून घ्या. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली शंभरातली ८८ बाळंतपणं दवाखान्यात झालेली, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं ४२ च्या आसपास. खासगीत जवळजवळ निम्मी सिझर. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली, डॉक्टर समोर आहे आणि तरी बाळ आईपर्यंत पोचत नाही. ह्याला नियमाशिवाय उपाय नाही, गोडीगुलाबीनं तीस वर्षं बघितलं की.

तासगावची वहिनी
दादा नियमाचंच बोलायचं तर पूर्ण बोला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची जी दहा सूत्रं आहेत दवाखान्यांसाठी, १९८९ ची, त्यात बाटली-चोखणी देऊच नका असं होतं. २०१८ ला त्यांनीच ते बदललं, आता आईला त्याचे धोके समजावून सांगा असं आहे. वरचं दूध वैद्यकीय कारणाशिवाय नको हे तसंच ठेवलंय, ते मलाही मान्य. पण त्यांना सुद्धा कळलं की बाईला दटावून दूध येत नाही.

कायद्याचं_बोला (कराड)
समजावून सांगायला माणूस पाहिजे ना, नर्सताई वर काय म्हणाल्या वाचा. माणूस नसला की समजावणं पहिलं गळतं आणि बाटली राहते.

रात्रपाळी_मिरज
😀 माझंच वाक्य माझ्यावर. पण खरंय.

फलटणचा_बाबा
एक बारीक प्रश्न. ताई म्हणतात सही घ्या. आमच्या वेळी ॲडमिट करताना काउंटरवर माझ्याकडून दहा-बारा कागदांवर सह्या घेतल्या, मी एक पण वाचला नाही, बायको आत कळा देतेय आणि हा माणूस म्हणतोय इथं, इथं आणि इथं. त्यात काय काय होतं देव जाणे. ताई तुमच्या फाईलमध्ये बघा एकदा.

कृष्णाकाठची
थांबा बघते.
आधी तासगावच्या वहिनींना, तुमचं वाचून बंदी हा शब्द मी मागं घेते. वजन रोज करा, लंगोट किती ओले झाले ते आईलाच लिहायला द्या आणि द्यायच्या आधी मला विचारा, एवढं पुरे. माझी लेक तिसऱ्या आठवड्यापासून पूर्ण अंगावर आहे, ते पण शेजारच्या काकूंनी रोज दुपारी येऊन बसून शिकवलं म्हणून.
आता फाईल. सापडली. चौथ्या पानावर खाली बारीक अक्षरात, 'गरजेनुसार बाळास वरचे दूध देण्यास आमची संमती आहे'. सही ह्यांची, वेळ सकाळी साडेदहा, म्हणजे बाळ अजून पोटात होतं! ह्यांना आत्ता दाखवलं तर म्हणतात, मला वाटलं डिपॉझिटची पावती आहे.