शुद्ध झिर्कोनियाची वडी थंड होताना का फुटते?

मृत्तिका:
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी शुद्ध झिर्कोनियाची (झिर्कोनियम ऑक्साइडची) भुकटी दाबून केलेल्या वडीचे औष्णिक प्रसरण डायलॅटोमीटरवर (तापमानानुसार लांबीतला बदल नोंदवणाऱ्या उपकरणावर) मोजत आहे. सुमारे 1150 अंश सेल्सियसपर्यंत वडीची लांबी संथपणे वाढत गेली. त्यानंतर मात्र तापमान चढत असतानाच आलेख एकदम खाली आला. पुढे 1400 अंशांवरून थंड करताना 950 अंशांच्या आसपास लांबी अचानक वाढली आणि बाहेर काढली तेव्हा वडीचे तुकडे झालेले होते. पहिली घट सिंटरिंगची (उष्णतेने कण एकमेकांना चिकटून वडी घट्ट होण्याची) आहे की आणखी कशाची, आणि दोन्ही बदलांत दोनशे अंशांचे अंतर का पडते?

स्फटिकमित्र:
दोन्ही बदल मुख्यतः एकाच रूपांतराचे आहेत. झिर्कोनिया सामान्य तापमानाला एकनताक्ष (स्फटिकाची पेशी, म्हणजे त्याचा पुन्हा पुन्हा येणारा घटक, एका बाजूला कललेली) असतो, सुमारे 1170 अंशांना तो चतुष्कोणीय (चौरस तळाची उभट पेशी) होतो आणि 2370 अंशांच्या पुढे घनीय. एकनताक्ष रचनेत प्रत्येक झिर्कोनियमभोवती सात ऑक्सिजन असतात, तर चतुष्कोणीय रचनेत आठ. ही दुसरी रचना अधिक दाट असल्यामुळे तापवताना आकुंचन आणि थंड करताना प्रसरण होते. परतीच्या वाटेवर घनफळ 4 ते 5 टक्के वाढते, म्हणजे लांबीत साधारण 1.5 टक्का. 10 मिलिमीटरची घट्ट वडी 1150 अंशांपर्यंत तापून जेमतेम 0.09 मिलिमीटर वाढते, आणि या एका रूपांतरात सुमारे 0.15 मिलिमीटर! शिवाय एकनताक्ष पेशीचा एक कोन 90 अंशांवरून 99 अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे वेगवेगळ्या दिशांना वळलेले शेजारचे कण एकमेकांना ओढतात, ढकलतात आणि वडीत भेगा पडतात.

दोनशे अंशांच्या अंतराचे कारणही यातच आहे. हे रूपांतर पोलाद झपाट्याने थंड केल्यावर बनणाऱ्या मार्टेन्साइट या कठीण रचनेसारखे, अणूंच्या विसरणाशिवाय (दूरवर सरकण्याशिवाय) होते. फुगू पाहणाऱ्या कणाला भोवतालच्या कणांचा अडथळा असतो आणि त्या अडथळ्याने साठणारी विकृती-ऊर्जा भरून निघेल इतके तापमान उतरल्याशिवाय नवी रचना सुरूच होत नाही.

भट्टीवरून:
सिंटरिंगचा प्रश्न वरच्या उत्तरात राहिला, म्हणून लिहितो. सिंटरिंगने आलेली घट थंड केल्यावर परत मिळत नाही, रूपांतराची मिळते. दाबलेल्या कच्च्या वडीत दोन्ही एकमेकांवर चढतात, त्यामुळे त्या टप्प्यावरच्या उतारावरून प्रसरण-गुणांक (दर अंशामागे लांबीतली सापेक्ष वाढ) काढू नये. एकनताक्ष अवस्थेचा गुणांक हवा असेल, तर 1000 अंशांच्या आतच थांबावे. तोही निरनिराळ्या दिशांची सरासरी असतो, कारण या स्फटिकाचा ब-अक्ष तापवल्यावर जवळजवळ वाढतच नाही. अक्षवार आकडे हवे असतील तर तापवलेल्या नमुन्याचे क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरण स्फटिकावरून कोणत्या कोनांत वळतात हे पाहणारी चाचणी) घेण्याला पर्याय नाही.

मृत्तिका:
दोघांचेही मनापासून आभार. यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) मिसळल्यास हे रूपांतर पूर्णपणे थांबते का?

स्फटिकमित्र:
प्रमाणावर अवलंबून आहे. दोन झिर्कोनियमच्या जागी दोन यिट्रियम आले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते, आणि या रिक्त जागा उच्च तापमानाच्या रचनांना आधार देतात. मोलच्या हिशेबाने 8 टक्के यिट्रियाला घनीय रचना टिकते. 3 टक्क्यांना, कण बारीक राखले तर, चतुष्कोणीय रचना सामान्य तापमानालाही तग धरते, पण ती अर्धस्थिर, म्हणजे निमित्त मिळाले की बदलणारी, असते. भेग पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे कण एकनताक्ष होऊन फुगतात आणि भेग दाबून धरतात. गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी 1975 साली ‘नेचर’मध्ये मांडलेली ही कल्पना मला या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. जो बदल तुमची वडी फोडतो, तोच इथे सिरॅमिकला चिवट करतो. मात्र दमट हवेत 200 ते 300 अंशांना हा पदार्थ पृष्ठभागापासून हळूहळू एकनताक्ष होत जातो, म्हणून नमुना वाफेच्या संपर्कात येणार असेल तर विवर्तन पुन्हा तपासावे: तांब्याच्या क्ष-किरणांना विवर्तनाच्या 30.2 अंश कोनावरचे शिखर चतुष्कोणीय, तर 28.2 आणि 31.5 अंश कोनांवरची एकनताक्ष.