'वितंडवाद' आणि 'तंडणे': धातू एकच का?

'वितंडवाद घालणे' म्हणजे उगीच खुसपटे काढत वाद वाढवणे, हा आजचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक आहे. न्यायसूत्रांतला (म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथातला) मूळ अर्थ मात्र नेमका आहे: 'स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा' (1.2.3). म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची खोडून काढणे. तिथे वाद, जल्प आणि वितंडा हे चर्चेचे तीन प्रकार. सत्यशोधनासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प. (टीव्हीवरच्या चर्चा बहुतेक तिसऱ्यात मोडाव्यात.)

व्युत्पत्ती वि + तण्ड्, म्हणजे प्रहार करणे, अशी दिली जाते. इथेच मी अडकलोय. मराठीत 'भांडण-तंटा', 'भांडत-तंडत' हे शब्द रोजचे आहेत. दिसायला सारखे, पण नुसत्या साम्यावर मला विसंबायचे नाही. संस्कृत कोश पाहून झाले. त्यांत 'वितंडा' मिळते, मराठी 'तंडणे'चा प्रश्न सुटत नाही. त्यामुळे न्यायशास्त्रातली व्याख्या पुन्हा नको, आणि 'असेल बहुधा' हेही नको. लेखात वापरायचे आहे, म्हणून कोशाचे किंवा ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पान लागेल.

तर 'तंडणे', 'तंटा' हे तण्ड् धातूवरूनच आले का, की त्यांचे मूळ प्राकृतात वेगळे आहे? आणि 'वितंडवाद' आजच्या सैल अर्थाने मराठीत सर्वांत आधी कुठे सापडतो?