बुलेट ३५०: टॅपेट आवळल्यापासून सकाळची किक पोकळ लागते

साताऱ्याची_भटकंती:
वडिलांची १९८९ ची बुलेट आहे, पॉइंटवाली, उजव्या पायाच्या गिअरची. टॅपेट (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांखालचे, फट लावायचे तुकडे) फार वाजत होते. रविवारी पुण्याहून खंबाटकी चढून आलो आणि तसाच गॅरेजात गेलो. मेकॅनिकने उभ्या उभ्या कव्हर काढून टॅपेट आवळले. आवाज बंद, मी खूश. आता सकाळी किक मारली की पायाला जोरच लागत नाही. वीस-पंचवीस किकांनी कशीबशी चालू होते. तापली की मात्र बरी चालते.

फटफटी७७:
पिस्टनच्या रिंगा गेल्या. सिलिंडर बोअर करून घ्या.

जुना_फिटर_कोल्हापूर:
बोअरची घाई नको. रविवारपर्यंत रिंगा ठीक होत्या ना?

माझं आयुष्य उद्यमनगरात ऑइल इंजिनं जोडण्यात गेलं, घरी बुलेट आहे. इंजिन तापलं की सिलिंडर नि हेड वाढतात, पुशरॉड, म्हणजे टॅपेटवरचा वॉल्व्ह उघडणारा दांडा, तेवढा तापत नाही, म्हणून टॅपेटची फट मोठी दिसते. ती तेव्हाच मारून टाकली, की रात्री गाडी निवल्यावर पुशरॉड रॉकरला (वॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेला) ढकलून धरतो आणि वॉल्व्ह सीटवर बसत नाही. मग हवा दाबली कशी जाणार, कॉम्प्रेशन कुठून येणार? एक्झॉस्टचा असाच किंचित उघडा राहिला तर जळतो. त्याची धग सीटवाटेच बाहेर पडते. त्यामुळे तोवर गाडी फिरवू नका.

रात्रभर उभी ठेवा. सकाळी मेन स्टँडवर घेऊन प्लग नि टॅपेटचं कव्हर (एकाच नटावर आहे) काढा, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा. हवा अंगठा उडवायला लागली की कॉम्प्रेशन. पिस्टन पार वर आला की थांबा. चाक जरा मागेपुढे केलं तरी दोन्ही पुशरॉड जागचे हलता कामा नयेत. हलले तर एक फेरा चुकलाय.

मग टॅपेटकडे वळा. चेकनट (टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणारा नट) सोडा, स्क्रू थोडाथोडा फिरवत पुशरॉड चिमटीत धरून बघा. बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली खेळ नको. फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) शोधू नका, इथे बोटंच गेज. चेकनट आवळल्यावर परत फिरवून बघा, आवळताना हमखास घट्ट होतो. मी अजून दर वेळी फसतो.

डीकॉम्प्रेसरची (किक सोपी करायला एक्झॉस्ट वॉल्व्ह उचलणाऱ्या खटक्याची) केबलही बघा. ताणलेली असली तर हाच त्रास देते.

साताऱ्याची_भटकंती:
काका, आज सहालाच बसलो. इनलेटचा जड का होईना फिरत होता, एक्झॉस्टचा चिमटीत हलेचना. पक्कड उचलली होती, परत ठेवली. चेकनट सोडून स्क्रूला जेमतेम पाव फेरा दिला. तिसऱ्या किकला चालू! थोडी टिकटिक परत आलीये.

जुना_फिटर_कोल्हापूर:
येऊ दे. मेकॅनिकला ऐकवायला नेऊ नका.

क्लासिक_२०१२:
माझ्या २०१२ च्या क्लासिक ३५० लाही असंच करायचं का?

जुना_फिटर_कोल्हापूर:
नाही हो, तुमच्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तेलाच्या दाबाने फट आपोआप राखतात. पाना खाली ठेवा.