१९ फुटी बोटीला रात्री नेमके कुठले दिवे लागतात?

खाडीवाला: १९ फुटी फायबर बोट आहे, मागे ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन. रेवस-मांडवा पट्ट्यात गळ टाकायला जातो आणि परत येईपर्यंत अंधार पडतोच. विकणाऱ्याने पुढे लाल-हिरवा जोडदिवा बसवून दिलाय, बाकी काही नाही. कोणी म्हणतं ७ मीटरच्या आतल्या बोटीला नुसता एक पांढरा दिवा चालतो, कोणी म्हणतं टॉर्च जवळ असला की झालं. नक्की काय ते सांगा. आणि कडेने निळी एलईडी पट्टी लावायची म्हणतोय, हरकत नाही ना?

डोलकाठी: ७ मीटरची सूट आहे, पण लोक अर्धीच सांगतात. कोलरेग्ज, म्हणजे समुद्रात टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यातला नियम २३ बघा, लांबी ७ मीटरच्या आत पाहिजे आणि शिवाय बोटीचा कमाल वेग ७ नॉटच्या, म्हणजे ताशी १३ किमीच्या वर जाता कामा नये, आणि त्यातही जमत असेल तर लाल-हिरवा लावायचाच आहे. तुम्ही सावकाश चालवता का याला अर्थ नाही, बोट किती पळू शकते ते बघतात, आणि ४० एचपीवर ती ७ नॉटला थोडीच थांबणार. म्हणजे तुम्ही १२ मीटरच्या आतल्या गटात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा (जोडदिवा चालतो) आणि चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा, तो लाल-हिरव्याच्या वर किमान १ मीटर. पांढरा २ सागरी मैलांवरून दिसला पाहिजे, लाल-हिरवा १ मैलावरून. टॉर्चवर भागतं ते वल्ह्याच्या नाहीतर ७ मीटरच्या आतल्या शिडाच्या बोटीला, आणि शीड असलं तरी इंजिन चालू केलं की ती इंजिनाचीच बोट.

तांडेल_थळ: निळी पट्टी लावूच नका राव. नियमातल्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा ते झाकले जातील असा दुसरा दिवा चालत नाही, आणि त्या झगमगाटात तुमचा लाल-हिरवा कोणाला दिसणार. पांढऱ्यासाठी मागच्या बाजूला काढता येणारा पाइप लावा, दिवा उभ्या माणसाच्या डोक्यावर राहील एवढा उंच, नाहीतर मागे कोणी उभं राहिलं की तो झाकला जातो आणि उजेड तुमच्याच डोळ्यांवर येतो. जोडदिवा बरोबर मध्यावर आहे का बघा, बोटीसमोर लांब उभं राहिलं की दोन्ही रंग दिसले पाहिजेत आणि थोडं बाजूला सरकलं की एकच. बोट जोरात नाळ (पुढचं टोक) उचलून पळते तेव्हा दिवा आकाशाकडे बघत नाही ना, तेपण तपासा. स्वस्त एलईडीमुळे व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, खरखर येते, दिवे लावून-बंद करून ऐका.

खाडीवाला: मस्त माहिती. नांगर टाकून गळ टाकत बसलो तर सगळेच चालू ठेवायचे का?

डोलकाठी: नाही, नांगरावर फक्त पांढरा, लाल-हिरवा बंद, नाहीतर समोरच्याला वाटेल तुम्ही चालताय. ७ मीटरच्या आतल्या बोटीला वाटेपासून लांब असेल तर तोही सक्तीचा नाही, पण रेवसला फेरी आणि मच्छीमारांची ये-जा असते, त्यामुळे लावाच. म्हणून बटण तीन खटक्यांचं घ्या, बंद, नांगर, चालू. आणि परवान्यावर सूर्यास्तानंतर बोट चालवायची परवानगी आहे का ते आधी वाचा, नसेल तर दिवे लावून काय उपयोग.