लेन असिस्ट असलेली गाडी घेताना चालवून नक्की काय तपासावं?

आडवाट:
नमस्कार. गाडी बदलायची आहे आणि शोधत शोधत दोन मॉडेल्सवर येऊन थांबलेय. जागा, इंजिन, डिकी, मागची सीट, सगळं उन्नीस-बीस. घोडं अडलंय लेन असिस्टवर, म्हणजे रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या आत गाडी ठेवायला मदत करणाऱ्या सोयीवर. दोन्हींत आहे. दोन्हीकडचे विक्रेते "गाडी लेन सोडतच नाही" एवढंच म्हणतात आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावरून एक चक्कर मारून आणतात. त्यावरून मला काहीच कळलं नाही.

आमचं ड्रायव्हिंग बहुतेक महामार्गावरचं, त्यातही अंधार पडल्यावरचं जास्त. मी आणि नवरा आलटून पालटून चालवतो. त्याने एकदा भाड्याच्या गाडीत ही सोय वापरली होती. स्टिअरिंग हातात आपोआप वळतंय हे त्याला इतकं खटकलं की थोड्याच वेळात त्याने ते बंद करून टाकलं. मला मात्र लांब पल्ल्याला अशी मदत हवी आहे.

नेहमी वापरणाऱ्यांनी कृपया सांगा. याने खरंच थकवा कमी होतो का? आणि टेस्ट ड्राइव्हला काय करून बघितलं म्हणजे चांगली यंत्रणा ओळखता येईल? कंपनीचं नाव सुचवू नका, पारख कशी करायची ते सांगा.

चौथा गिअर:
आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. लेन असिस्ट म्हणून तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली फक्त इशारा देते: चाक पट्ट्यावर गेलं की आवाज किंवा स्टिअरिंगला थरथर, बाकी काही नाही. दुसरी पट्ट्याजवळ गेल्यावर गाडीला आत ढकलते, एरवी गप्प बसते. तिसरी सतत काम करते, दोन पट्ट्यांच्या मध्यावर गाडी धरून ठेवते, आणि बहुधा पुढच्या गाडीशी अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलबरोबरच (वेग आपोआप राखणाऱ्या सोयीबरोबरच) चालते. थकवा कमी होतो तो या तिसरीने. दुसरीचं काम डुलकी लागली किंवा लक्ष उडालं तर वाचवण्याचं.

कॅटलॉगमधल्या नावांवर जाऊ नका. होंडाची "लेन कीपिंग असिस्ट" गाडी मध्यावर धरते. ह्युंदाईत याच नावाची सोय कडेवरून आत आणते आणि मध्यावर धरणारीला तिथे "लेन फॉलोइंग असिस्ट" म्हणतात. टोयोटाची "लेन ट्रेसिंग", व्होल्वोची "पायलट असिस्ट", निसानची "प्रोपायलट" ही सगळी मध्यावर धरणारी मंडळी. विक्रेत्याला सरळ विचारा: गाडी मध्यावर असतानाही स्टिअरिंगला बळ देते का, की कडेला गेल्यावरच? तुमच्या नवऱ्याला जे खटकलं ते कुठल्या प्रकारचं होतं, तेही आठवून बघा.

निवांत:
मी लांबचा प्रवास करणारा माणूस आहे आणि मध्यावर धरणारी यंत्रणा नसलेली गाडी आता घेणार नाही. थकवा कमी होतो, निःसंशय. महामार्गावर आपण दर क्षणी स्टिअरिंगला बारीक बारीक दुरुस्त्या करत असतो, त्या करतोय हे आपल्याला जाणवतही नाही. खांदे आणि मान भरून येतात त्या याच कामाने. ते ओझं उतरलं की नजर लांबवर जाते, आरशात जास्त वेळा जाते. आडव्या वाऱ्यात तर फारच आधार वाटतो.

पण ती कुठे गोंधळते हे माहीत हवं. माझ्या गाडीचं सांगतो. डावीकडे बाहेर पडणारा फाटा येतो तिथे डावा पट्टा हळूहळू बाजूला सरकत जातो. माझी लेन काही अंतर दुप्पट रुंद होते. गाडीच्या दृष्टीने मध्य सरकला, म्हणून तीही डावीकडे सरकायला लागते, अगदी शांतपणे, कुठलाही इशारा न देता. मग फाटा सुटल्याचा पट्टा दिसला की एकदम उजवीकडे येते. मी फाटा लांबून दिसला की हात घट्ट करतो आणि तिला सरळ धरून ठेवतो. तिला ते चालतं, लगेच ऐकते. म्हणून तुम्हाला टेस्ट ड्राइव्ह करायचीच तर फाटे असलेल्या रस्त्यावर करा. सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात.

चौथा गिअर:
निवांत यांचं शेवटचं वाक्य फार मोलाचं. त्याला जोडून, वळणंही बघा. संयुक्त राष्ट्रांचा स्टिअरिंगचा नियम क्रमांक ७९ जिथे लागू आहे, तिथे मध्यावर धरणाऱ्या यंत्रणेला कारमध्ये जास्तीत जास्त ३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच आडवं त्वरण (वळताना बाजूच्या दिशेने होणारं) घेता येतं. हिशेब केला तर ताशी १०० किमी वेगाला साधारण २६० मीटर त्रिज्येपेक्षा आवळ वळण तिच्या आवाक्याबाहेर. काही गाड्यांची मर्यादा याहून कमी असते. त्या मर्यादेशी आल्यावर काय करते ते महत्त्वाचं. काही वेग उतरवतात, काही आवाज देऊन सोडतात, काही नुसता डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा करडा करतात आणि वळणाच्या ऐन मध्यावर स्टिअरिंग तुमच्या हाती देतात. हा तिसरा प्रकार मला अजिबात मान्य नाही. बदललेला रंग बघायला त्या क्षणी कोण खाली मान घालणार?

नटबोल्ट:
मी वर्कशॉपमध्ये हेच काम करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

आरशाच्या मागे, पुढच्या काचेला चिकटून एक कॅमेरा असतो. तो पट्टे ओळखतो आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या मोटरला किती वळायचं ते सांगतो. बहुतेक गाड्यांत एवढंच. त्यामुळे कॅमेऱ्याची नजर सरळ नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. अंदाज येण्यासाठी: कॅमेरा १ अंशाने हलला तर ५० मीटरवर ८७ सेंटिमीटरचा फरक पडतो. लेन ३.५ मीटरची आणि गाडी १.८ मीटरची धरली तर तुमच्या प्रत्येक बाजूला मोकळी जागा राहते ८५ सेंटिमीटर. म्हणजे १ अंशात सगळी जागा संपली. म्हणूनच पुढची काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, करावंच लागतं, आणि काच बसवणारा "तशी गरज नाही" म्हणाला तर त्याच्याकडे काच बसवू नका. सस्पेन्शन उघडलं, व्हील अलाइनमेंट केली, गाडीची उंची बदलली, तरी मॅन्युअल काढून बघा.

माझ्याकडे "गाडी सारखी एका बाजूला चिकटून चालते" म्हणून गाड्या येतात. मी आधी टायरची हवा आणि अलाइनमेंट बघतो, कॅमेऱ्याला शेवटी हात लावतो. पुष्कळदा दोष चाकांतच निघतो.

दुसरं म्हणजे हात ओळखायची पद्धत. काही गाड्यांत स्टिअरिंगवर पडणारा पीळ मोजतात. त्यात तुम्ही दोन्ही हात नीट ठेवून सरळ रस्त्यावर बसलात तरी गाडीला हात कळत नाहीत आणि ती "हात ठेवा" म्हणून मागे लागते. मग लोक उगाच स्टिअरिंग हलवत बसतात. काही स्टिअरिंगच्या रिंगमध्येच स्पर्श ओळखणारा थर असतो, तिथे नुसता हात टेकला तरी पुरतं. रोजच्या वापरात हा फरक जमीन-अस्मानाचा आहे आणि विक्रेता तो स्वतःहून सांगत नाही. विचारून घ्या.

पायडल:
दुसरी बाजूही मांडते. मी अरुंद, दुपदरी रस्त्यांवर चालवते आणि कडेवरून आत ढकलणारी सोय तिथे बंद ठेवते. कारण सांगते. पुढे सायकलवाला. समोरून कोणी नाही. मी त्याला नीट जागा सोडावी म्हणून मधल्या पट्ट्यावर चाक घेतलं. गाडीने मला आत ओढलं, म्हणजे त्याच्या दिशेने. हात मजबूत होते म्हणून काही झालं नाही, पण तो धक्का त्यालाही दिसला असणार. मी स्वतः सायकल चालवते, मागून येणारी गाडी अशी डगमगली की काय वाटतं ते मला ठाऊक आहे.

निवांत:
पायडल, इंडिकेटर दिला की ती ओढत नाही. बहुतेक सगळ्याच गाड्यांत इंडिकेटर म्हणजे "मी मुद्दाम जातोय" असं धरतात.

पायडल:
खरंय, आणि सायकलला ओलांडताना इंडिकेटर द्यायलाच हवा. पण अचानक समोर आलेला खड्डा, रस्त्यावर पडलेली फांदी, कडेला उघडलेलं दार, यांना चुकवताना इंडिकेटर द्यायला वेळ कुठला? तेव्हा गाडी किती जोर लावते हाच प्रश्न उरतो. माझ्या आधीच्या गाडीत ती एका बोटाने मागे सरायची. आताचीशी हुज्जत घालावी लागते. आडवाट, माझं ऐकाल तर लेन किती घट्ट धरते ते बघू नका, तुम्ही जोर लावल्यावर किती सहज सोडते ते बघा.

चौथा गिअर:
पायडल, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. त्याच ७९ क्रमांकाच्या नियमात आहे की यंत्रणेला झुगारून स्टिअरिंग वळवायला ५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. म्हणजे साधारण ५ किलो वजन उचलायला लागतो तेवढा. ही कमाल मर्यादा झाली. चांगली गाडी त्याच्या फार खाली असते, आणि मुख्य म्हणजे जोर हळूहळू कमी करते. आधी अडून मग एकदम सोडणारी वाईट, कारण तेव्हा आपलाच हात जास्त वळतो.

त्याच नियमात हात काढल्यावर जास्तीत जास्त १५ सेकंदांत डोळ्यांना दिसेल असा इशारा आणि ३० सेकंदांत आवाज, असंही आहे. ऐकायला कमी वाटतं. ताशी १०० किमीला १५ सेकंदांत गाडी ४०० मीटरच्या वर गेलेली असते.

तरीही सरसकट बंद ठेवू नका असंच मी म्हणेन. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये नोंदवलेल्या अपघातांचा अभ्यास केला होता. नुसत्या इशारा देणाऱ्या यंत्रणेनेही एकट्या गाडीचे, बाजूने घासण्याचे आणि समोरासमोरचे अपघात ११ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्याच प्रकारांतले, माणसं जखमी झालेले अपघात २१ टक्क्यांनी. इशारा चालू असेल तरच हा फायदा, हे ओघानेच आलं. म्हणून ज्या गाडीचा आवाज तुम्हाला सोसवेल तीच घ्या. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये आणीबाणीची लेन राखणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि गाडी सुरू केली की ती दर वेळी आपोआप चालू होते. तिथे तर तिच्याशी जमवून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

आडवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. यादी करून दोन्ही गाड्या पुन्हा मागितल्या. या वेळी रस्ता आम्ही निवडला आणि नवऱ्यालाही बरोबर घेतलं. दिवेलागणीनंतर गेलो. पाऊस नुकताच पडून गेला होता, त्यामुळे समोरच्या दिव्यांची चमक ओल्या डांबरावर पसरलेली.

पहिली गाडी मध्यावर खिळल्यासारखी चालली. शेजारून ट्रक जाताना मी जरा बाजूला सरकायला बघितलं, तर स्टिअरिंग अडलं आणि मग एकदम सैल झालं. चौथा गिअर म्हणाले तेच. एका ठिकाणी जुना पट्टा खरवडून नवा मारलेला होता, ओल्या रस्त्यावर खरवडलेलीच रेघ जास्त चमकत होती, आणि गाडीने तिचा माग धरला. मी ओढून आणली.

दुसरी गाडी इतकी ताठ नव्हती. लेनमध्ये किंचित डोलते, हे नवऱ्याने लगेच टिपलं. पण त्याच खरवडलेल्या जागी तिने सोडल्याचा आवाज दिला, स्टिअरिंग एकदा थरथरलं आणि पट्टे स्पष्ट झाल्यावर पुन्हा धरलं. फाट्यापाशी सरकली, पण हाताने धरल्यावर मुकाट सरळ राहिली. नवऱ्याने बराच वेळ चालवली आणि बंद केली नाही. रिंगमध्ये स्पर्श ओळखणारा थर याच गाडीत आहे.

तेव्हा दुसरी ठरली. आता एकच शंका: तिचं ते डोलणं दोष आहे का, आणि कमी करता येतं का?

नटबोल्ट:
पट्ट्यापासून पट्ट्यापर्यंत आपटत असेल तर दोष. मध्याच्या आसपास हातभर इकडेतिकडे होत असेल तर तिची धाटणीच तशी. सेटिंगमध्ये स्टिअरिंगच्या मदतीचा जोर कमी-जास्त करायची सोय असेल तर मधला पर्याय ठेवून बघा. काही गाड्यांत ड्राइव्ह मोड बदलला की स्टिअरिंगचं वजन बदलतं आणि डोलणंही बदलतं, तेही तपासा.

गाडी ताब्यात घेताना टायरची हवा समोर मोजून घ्या. पोहोचवताना जास्त भरलेली हवा तशीच राहून गेलेली मी पाहिली आहे. आणि आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर काचेवर कुठलाही स्टिकर, फिल्म किंवा काळी पट्टी लावू देऊ नका, अॅक्सेसरीवाला कितीही म्हणाला तरी. वायपरचं रबर वेळेवर बदला. पावसात कॅमेरा त्याच पुसलेल्या जागेतून बघतो.

पायडल:
आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी ती बंद करायचं बटण कुठे आहे ते दोघांनीही न बघता हाताने सापडेपर्यंत शोधून ठेवा. काही गाड्यांत ते स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर दडलेलं असतं. तसं असेल तर शॉर्टकट बटणावर लावून मिळतं का ते शोरूममधून निघण्याआधीच विचारा.