टीव्हीखालच्या कप्प्यात मावणारा छोटा संगणक: हे भाग एकमेकांशी जुळतील का?

कोथरूडचा_नवशिका:

नमस्कार. आमचा २०१७ साली घेतलेला संगणक सातव्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा असल्यामुळे विंडोज ११ त्याला स्वीकारत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून नवा संगणक स्वतःच जुळवावा असे ठरवले आहे. कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत टेबलाला जागा नाही, त्यामुळे तो टीव्हीखालच्या कप्प्यात बसवावा लागेल. कप्पा ३४ सेंमी रुंद, ३८ सेंमी खोल आणि २४ सेंमी उंच आहे. काम टॅलीचे, मुलीच्या ऑनलाइन वर्गांचे आणि मराठी टंकलेखनाचे; गेम कोणी खेळत नाही.

मी योजलेले भाग असे: रायझन ५ ८६००जी प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, जुन्या संगणकातल्या डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, जुनाच ४५० वॉटचा एटीएक्स एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा), मित्राने देऊ केलेला प्रोसेसर थंड ठेवणारा १५५ मिमी उंचीचा टॉवर कूलर आणि भावाच्या लॅपटॉपमधून निघालेली एम.२ साटा एसएसडी. पसंत केलेले कॅबिनेट ३३ सेंमी लांब असून त्याच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची ७० मिमी आणि एसएमपीएसचा प्रकार एसएफएक्स (छोट्या मापाचा) असे लिहिले आहे. दुकानदार मात्र "सगळं बसतं हो" असे म्हणतो, आणि पैसे वाचवायचे असतील तर आय३ १२१००एफ घ्या असेही सुचवतो. जाणकारांनी यादी तपासून द्यावी, ही विनंती.

शनिवारपेठी:

आपली यादी पहिल्याच जोडीत अडते. ८६००जी हा एएम५ सॉकेटचा, म्हणजे बोर्डावरच्या त्या प्रकारच्या बैठकीत बसणारा, प्रोसेसर आहे आणि एएम५ च्या मदरबोर्डांवर केवळ डीडीआर५ रॅम चालते. दोन्ही प्रकारच्या स्टिकला २८८ पिनाच असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे डीडीआर४ ची स्टिक त्या स्लॉटमध्ये उतरतच नाही. ती उतरत नाही म्हणून दोन्ही अंगठ्यांनी जोर लावणारे लोक मी पाहिले आहेत, तेवढे मात्र करू नका.

जुनी रॅम वापरायचीच असेल, तर एएम४ सॉकेटचा रायझन ५ ५६००जी आणि ए५२० किंवा बी५५० चा मिनी-आयटीएक्स बोर्ड घ्यावा. हा प्रोसेसर सहा कोर आणि बारा थ्रेडचा असून ग्राफिक्स त्यातच आहे. दोन्ही स्टिक लावाव्यात, एकीवर भागवू नये, कारण अंतर्गत ग्राफिक्स हीच रॅम वाटून घेते आणि दोन चॅनेल मिळाले की तिचा वेग जाणवण्याइतका वाढतो. १२१००एफ चा विचार मनातून काढून टाका. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असले की त्यात ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड न लावता टीव्हीवर चित्रच उमटणार नाही. माझ्या भाच्याने तसाच एक आणला होता आणि एक अख्खा रविवार एचडीएमआय केबल बदलण्यात घालवला.

जुना_तंत्रज्ञ:

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु छोट्या संगणकात निवडीचा क्रम उलटा असतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये आपण प्रोसेसरपासून सुरुवात करतो. येथे कॅबिनेट आधी ठरते आणि बाकीचे सारे भाग त्याच्या मापाने निवडावे लागतात. मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मिमीचा बोर्ड, ज्यावर सामान्यतः रॅमचे दोनच स्लॉट आणि कार्डाचा एकच स्लॉट असतो. तो आपल्या कॅबिनेटमध्ये बसेल. एसएमपीएस मात्र बसणार नाही. एटीएक्स प्रकाराचे तोंड १५० बाय ८६ मिमीचे असते, तर एसएफएक्सचे १२५ बाय ६३.५ मिमीचे. छोटा एसएमपीएस मोठ्या जागेत पट्टी लावून बसवता येतो, पण मोठा छोट्या जागेत बसवण्याचा उपाय नाही. वॉटची काळजी करू नका. ५६००जी पूर्ण भारावर ८८ वॉटच्या आसपास घेतो, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड नसताना ३०० वॉटचा चांगला एसएफएक्ससुद्धा पुरेसा आहे.

टॉवर कूलर मित्राला आभारासह परत करावा. ५६००जी च्या खोक्यातच जो कूलर येतो, तो ५४ मिमी उंच आहे आणि ७० मिमीच्या मर्यादेत आरामात मावतो. तो लावण्याची एक खुबी सांगतो. एएम४ बोर्डावर प्रोसेसरच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या आधी काढाव्या लागतात. त्यांचे स्क्रू सोडवताच बोर्डाच्या पाठीमागची धातूची पट्टी मोकळी होऊन खाली पडते. म्हणून बोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्यापूर्वी, टेबलावर घडी घातलेल्या चादरीवर ठेवून, मागून एका हाताने ती पट्टी धरून कूलर लावावा. चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडेथोडे फिरवावेत, एकदम एकच आवळू नये. मी पहिल्या वेळी बोर्ड आधी बसवला आणि ती पट्टी शोधण्यासाठी सगळे पुन्हा उघडले.

सिंहगड_रोडवासी:

माझे मत थोडे वेगळे आहे. जुन्या रॅमच्या मोहापायी जुने सॉकेट घेणे मला पटत नाही. एएम४ हे २०१६ चे सॉकेट आहे, तर एएम५ साठी २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही नवे प्रोसेसर देऊ असे एएमडीने जाहीर केले आहे. पाच वर्षांनी प्रोसेसर बदलायचा झाला, तर एएम५ वर बोर्ड तसाच ठेवता येईल. अर्थात टॅली आणि ऑनलाइन वर्गांसाठी आपण पाच वर्षांनी प्रोसेसर खरोखर बदलणार आहात का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

एएम५ घेतलाच, तर पहिल्यांदा चालू करताना धीर धरावा. बोर्ड नवी डीडीआर५ रॅम जोखत असतो आणि तेवढा वेळ, कधी काही मिनिटेसुद्धा, पडदा काळाच राहतो. मी बोर्ड बिघडला असे समजून दुकानात नेला. तेथे त्यांनी तो लावला, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत पडद्यावर चित्र आले.

कोथरूडचा_नवशिका:

सर्वांचे आभार. प्रोसेसर बदलण्याचा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर 'नाही' असे आले, त्यामुळे ५६००जी, बी५५०, जुनी रॅम आणि नवा एसएफएक्स एसएमपीएस असे ठरवत आहे. एम.२ साटा एसएसडीबद्दल कोणी बोलले नाही. तसेच आमच्याकडे महावितरणची वीज अधूनमधून जाते, तर जुना ६०० व्हीएचा यूपीएस चालेल का?

शनिवारपेठी:

एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या खाचेत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात आणि अनेक बोर्डांचे एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई ओळखतात. एसएसडी बसेल, स्क्रूही लागेल, पण बायोसमध्ये (बोर्डातच असलेल्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रणालीत) दिसणार नाही. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे 'साटा' लिहिले असेल तरच तो बोर्ड घ्यावा. नसेल तर नवी २२८० मापाची एनव्हीएमई घ्यावी, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब.

बी५५० बोर्ड २०२० पासूनचे आहेत आणि ५६००जी २०२१ चा, त्यामुळे जुन्या साठ्यातल्या बोर्डाचा बायोस त्याला ओळखणार नाही असे होऊ शकते. पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न लावताही, बायोस बदलण्याचे बटण मागे असलेला बोर्ड निवडा, किंवा बिल करण्यापूर्वी दुकानातच बायोस अद्ययावत करून मागा.

यूपीएसची क्षमता पुरेशी आहे. पण काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायरीपायरीची लहर देतात आणि ती काही आधुनिक एसएमपीएसना मानवत नाही. वीज जाताच संगणक बंद पडतो. नवा एसएमपीएस आल्यावर, एकही फाइल उघडी नसताना, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून एकदा पाहा.

जुना_तंत्रज्ञ:

एक राहिले. कप्पा ३८ सेंमी खोल आणि कॅबिनेट ३३ सेंमी लांब, म्हणजे मागे पाच सेंमी उरतात. एचडीएमआयचा प्लग आणि विजेची केबल वळण्यासाठी तेवढी जागा जेमतेम आहे, आणि गरम हवाही तिकडूनच बाहेर पडणार. सुताराला बोलावून कप्प्याच्या मागच्या प्लायवूडला हाताचा पंजा जाईल एवढे भोक पाडून घ्या.

कोथरूडचा_नवशिका:

भोक आधीच आहे, सेट-टॉप बॉक्सच्या केबलसाठी पाडलेले. आता टेपने मोजले: १२ बाय ८ सेंमी.