मंदीच्या साली नवीन फोर व्हीलर घ्यावी का नाई? खरं सांगा राजेहो

दारव्ह्याचा कास्तकार:
सल्ला पाहिजे राजेहो. सात एकर शेती आहे, तालुक्याले कंत्राटी नोकरी, महिन्याचे २८ हजार हाती येते. बाबांची मागच्या साली ॲन्जिओप्लास्टी झाली, तेव्हापासून दर दीड महिन्यानं नागपूरले न्या लागते, किरायाची गाडी एका फेरीचे पाच हजार घेते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला न वरचा सेस (जादा कर) पण गेला, म्हणून सहा लाखाच्या गाडीमागं पन्नासेक हजार वाचून रायले. शोरूमवाला म्हणते लाखभर भरा, पाच लाख लोन, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता साडेदहा हजार. पण यंदा सोयाबीन पावसानं खाल्लं, एकरी तीन क्विंटल झालं, अन् लहाना भाऊ पुण्याले आयटीत आहे तो म्हणते आमच्या कंपनीत लोकं काढून रायले, माह्या भरवशावर नको घेऊ. काय करू?

नोकरीवाला वर्धा:
घेऊन टाका भाऊ. गाड्यांवरचा टॅक्स एवढा कमी झालेला माझ्या तरी आठवणीत नाही, रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर (ज्या व्याजानं ती बँकांना पैसे देते तो) साडेसहावरून साडेपाच केला म्हणून लोन पण स्वस्त झालंय. मंदीत गिऱ्हाईक कमी असतं, भाव करता येतो, ॲक्सेसरीज फुकट मागा. सगळं सुरळीत झाल्यावर घेऊ म्हणणाऱ्याला तेव्हा वेटिंग लागते.

अकोल्याची ताई:
दादा मी विरोधात आहे, का ते सांगते. आम्ही २०१९ च्या दिवाळीत नवीन गाडी घेतली, तेव्हा पण गाड्यांची मंदीच होती आणि सेल्समन हेच म्हणाला होता की यापेक्षा चांगला टाईम येणार नाही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, ह्यांचं दुकान बंद. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची सोय दिली, आम्ही घेतली, पण व्याज चालूच होतं ते कोणी नीट समजावून सांगितलं नाही. गाडी दारात उभी आणि मी माझ्या बांगड्या गहाण टाकून हप्ता भरला. तुमची नोकरी कंत्राटी आहे, मार्चला कंत्राट रिन्यू नाही झालं तर शोरूमवाला येणार आहे का हप्ता भरायला?

पुसदकडचा:
ताई तुमचं दुःख मानतो पण माहं ऐका. आमच्या आबांच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली, ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटले घेऊन गेलती. गावात तीन गाड्या, एकाचा फोन बंद, एक लग्नाले गेला, तिसऱ्याले उठवून गाडी काढेपर्यंत पाऊण तास गेला. आबा रस्त्यातच गेले. त्यानंतर चार महिन्यात मी गाडी घेतली, तेव्हा पण तुरीले भाव नव्हता. हार्टचा पेशंट घरी आहे त हिशोब काय पाहता? किरायाची गाडी तारखेच्या दिवशी येते, रात्री दोनले नाई येत.

हिंगणघाट गॅरेजवाला:
घरात पेशंट आहे त गाडी पाहिजेच, पण नवीनच काऊन? दहा वर्षांपासून गॅरेज चालवून रायलो म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, सहा लाख हे शोरूमचे, पेट्रोल गाडीले रोड टॅक्सच ११ टक्के, वरून इन्शुरन्स, त्यात थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदमच भरा लागते. सातच्या जवळ जाते गाडी, मंग लाखभर न पाच लाखात बसन कशी? दुसरी गोष्ट, चार वर्षं झाले की इन्शुरन्सवालेच किंमत अर्धी धरते अन् तुमचा हप्ता तेव्हा बी तेवढाच. पाच-सहा वर्षांची, एका मालकाची, सर्व्हिस रेकॉर्डवाली पाहा. आरसीवर बँकेचं एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, चढलेलं असन त बँकेची एनओसी अन् बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हाती आल्याबिगर रुपया देऊ नका. पाण्यात बुडालेली गाडी सीटखालच्या गंजावरून अन् वासावरून समजते, मेकॅनिक संग घेऊन जा.

वणीचा मास्तर:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. वहिनींना लाडकी बहीणचे १५०० येत असतील ना? घरात कोणाच्याही नावावर चारचाकी असली की त्या अपात्र होतात, ट्रॅक्टर तेवढा चालतो. केशरी रेशनकार्डाला पण चारचाकीची अट आहे. जुनी घेतली तरी हेच. वर्षाचे १८ हजार आणि रेशनचं धान्य, हे पण हप्त्यात धरा.

नोकरीवाला वर्धा:
मास्तर, ज्याची गाडी घ्यायची ऐपत आहे त्यानं गरिबांची योजना सोडायलाच पाहिजे, त्यासाठी बापाला एसटीत उभं ठेवणं मला पटत नाही.

वणीचा मास्तर:
मी कुठं म्हणतो योजना धरून ठेवा? सोडायची तर हिशोब करून सोडा एवढंच. आणि ऐपत कशाला म्हणता? सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ आहे आणि बाजारात चार हजाराच्या आसपास चाललंय. कापसाचा लांब धाग्याचा ८११०, पण बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ केली म्हणून व्यापारी भाव पाडून मागतो, आणि सीसीआयकडे, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, न्यावं तर १२ टक्क्यांवर ओलावा गेला की गाडी परत. ट्रॅक्टरच्या कर्जाला निदान सहामाही हप्ता असतो, माल निघाला की भरता येतो. फोर व्हीलरचा हप्ता दर महिन्याला येतो आणि आपला पैसा वर्षातून एकदा.

दारव्ह्याचा कास्तकार:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. बायकोसंग वहीत मांडून पाह्यलं, वर्षाच्या आठ फेऱ्या म्हणजे ४० हजार किराया, अन् हप्ते सव्वा लाखाचे, पेट्रोल वेगळं. ती म्हणे १५०० चं जाऊ द्या, पण कंत्राट गेलं त हप्ता कुठून आणसान? पुसदच्या भाऊचं वाचून मात्र रात्री झोप नाई लागली, बाबा बाजूच्याच खाटेवर होते. नवीनचं बुकिंग नाई करत. घरात पराटीचा ३० क्विंटल कापूस पडला आहे, तो वाळवून सीसीआयले घालतो, त्यातले दोन लाख अन् वरचे लाखभर सोसायटीतून. तवरोक शेजारच्या पोराले महिन्याचे हजार रुपये द्यायचं बोललो, त्याची गाडी रात्री दारातच असते, चाबी आपल्या घरी ठेवाले तो तयार आहे. गॅरेजवाले भाऊ, तीन लाखात तुमच्याकडं हिंगणघाटले एखादी २०१९-२० ची पेट्रोल आहे का? डिसेंबरच्या शेवटी येतो पाहाले.

हिंगणघाट गॅरेजवाला:
दोन आहे नजरेत. एकीचं क्लच काम मागते, दुसरी मास्तरीणबाईची आहे, कमी चाललेली. या, पण बाबाले संग आणा, मागच्या सीटवर बसवून पाहा त्यायले चढता-उतरता येते का.